व्हाल्डा कशी बसायची

आमच्या पोर्ट लॉरिमरमध्ये माणूस गेला की त्याचं बाकडं होतं. दफन झालं, चहा-सँडविच झालं, रडून झालं, की दोन-चार महिन्यांनी घरची माणसं क्लेमकडे जातात आणि मग एके दिवशी समुद्रकाठच्या रस्त्याला नवं बाकडं उभं राहतं, पाठीवर पितळी पट्टी मारलेलं. हे इतकं अंगवळणी पडलंय की बाकड्यांना आम्ही माणसांच्या नावानेच ओळखतो. "कुठे आहेस गं?" "हॅरल्डवर बसलेय." "बस तिथेच, मी आयलीनपाशी गाडी लावून आले." बाहेरच्या कुणी ऐकलं तर म्हणेल, या गावाला वेड लागलंय. म्हणू दे. हॅरल्ड माझा नवरा, मी त्याच्यावर बसेन नाही तर उभी राहीन, कुणाला काय करायचंय!

ही सगळी बाकडी क्लेम ट्रेलोरच्या हातची. क्लेम बार्लीच्या शेतावर जन्मला. शेत थोरल्या भावाकडे गेलं आणि हा सुतार झाला. आमच्या लांबलचक धक्क्याच्या कुजलेल्या फळ्या बदलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. एका टोकाकडून सुरुवात करायचा, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्याच्या फळ्या पुन्हा कुजलेल्या. निवृत्त झाल्यावर तो शेडमध्ये जायला लागला. शेड म्हणजे बायकांनी घरातून हाकललेल्या म्हाताऱ्यांची जागा. तिथे रंधे असतात, करवती असतात, बिस्किटांचा डबा असतो, आणि दिवसभर एकमेकांची टर उडवणं चालतं. त्या गोंगाटात क्लेम एकटा गप्प. बोलायचा तो लाकडाशी.

त्याची एक पद्धत होती. लाकडाला हात लावायच्या आधी तो त्या घरी जायचा, चहा घ्यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि एकच विचारायचा, "कसा बसायचा?"

लोक गोंधळतात. पट्टीवर काय लिहायचं ते त्यांनी पाठ करून ठेवलेलं असतं, आणि हा बाबा हे काय विचारतोय! आयलीनच्या थोरल्या मुलाने तर म्हटलंच, "म्हणजे काय क्लेम? आई बसायची तशी. बुडावर." क्लेम चहा पीत राहिला. मग धाकटी म्हणाली, "तिचे पाय पोचायचे नाहीत रे जमिनीला. चर्चमध्ये लोंबकळत ठेवायची, लहान मुलीसारखे." आणि मग सगळी भावंडं एकदम बोलायला लागली, हसायला लागली, आणि थोरला, तो बुडावरवाला, उठून परसात जाऊन रडून आला. आयलीनच्या बाकड्याला खाली पाय टेकायला आडवी पट्टी आहे ती त्यामुळे.

माझ्याकडे आला तेव्हा मीही फणकारले होते. "ढेंगा पसरून बसायचा, दुसरं काय! मी काय त्याची मापं काढत बसले होते?" तरी मग आठवलं, की हॅरल्ड खुर्चीच्या उजव्या हातावर चहाचा मग तोलायचा आणि दर वेळी सांडायचा. क्लेमने बाकड्याचा उजवा हात असा रुंद केलाय की चहाचा मग नीट बसतो. मी रोज सकाळी माझा मग तिथे ठेवते. सांडत नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

आता व्हाल्डाचं सांगते. क्लेमची बायको, आणि माझी जन्माची मैत्रीण. आम्ही दोघींनी मिळून फुटबॉल क्लबचं कॅन्टीन चालवलं, पोरं शाळेत होती तेव्हापासून ते पोरांची पोरं खेळायला लागेपर्यंत. हिवाळ्यातला दर शनिवार. ती पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजायची, मी चहाचा बंब सांभाळायची आणि खिडकीतून लोकांशी भांडायची. सॉस जास्त मागणाऱ्यांना मी बघून घ्यायची.

व्हाल्डा बसायची नाही. म्हणजे कधीच नाही. घरी जेवायला माणसं बोलावली तरी ही ओट्याला टेकून उभ्याउभ्या खाणार. "बस की गं जरा," म्हटलं की, "तुम्ही घ्या, मी आलेच." ते आलेच कधी यायचं नाही. केरिनच्या, तिच्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी आणि ही मागे केकवरची माशी हाकलत उभी. मी म्हणायची, "बये, तुझ्या बुडाला काय काटे आहेत?" तर हसायची आणि माझ्या हातातलं ताट काढून घेऊन धुवायला लागायची.

आणि फुटबॉल, आमच्याकडचा हाताने चेंडू झेलायचा फुटबॉल, तिला मुळीच आवडायचा नाही. निदान ती तसं म्हणायची. क्लेम मैदानाच्या पलीकडच्या अंगाला स्कोअरबोर्डवर असायचा, शिडी चढून, पत्र्याचे आकडे खिळ्यांवर टांगत. लग्न झालं त्या हिवाळ्यापासून ते काम त्याच्याकडे. वर त्याने दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एक त्याची, एक तिची. ती एकदाही वर गेली नाही. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणायची. संध्याकाळी आवरून झालं की क्लेम आम्हाला पातेली उचलू लागायला यायचा, आणि ही सिंकपाशी पाठमोरी उभी राहूनच विचारायची, "कोण जिंकलं?"

झालं! मग क्लेम, जो एरवी तोंड उघडायचा नाही, तो पहिल्यापासून सुरू व्हायचा. कुणी चेंडू पकडला, कुणी सोडला, वारा कुठून होता. गाडीत बसेपर्यंत सांगायचा, घरी गेल्यावरही सांगत असणार. मला तर वाटायचं, बिचारीच्या डोक्याचा भुगा होत असेल.

व्हाल्डा मार्चमध्ये गेली. स्कोन करायला पीठ घेतलं होतं, हात पिठात, आणि उभ्याउभ्या गेली. दुसरं कसं जाणार होती!

सगळ्या गावाला वाटलं, आता क्लेम असं बाकडं करील की बघत राहावं. धक्का नव्याने बांधला तेव्हाची जुनी लालबुंद फळी त्याने जपून ठेवली होती, ती तिच्यासाठीच असणार. धक्क्याच्या तोंडाशी, जिथून सगळी खाडी दिसते, ती जागा लोकांनी आपणहून मोकळी ठेवली. एप्रिल गेला, मे गेला. फळी शेडच्या भिंतीला उभी ती उभीच. सुरुवातीला म्हातारे त्याला चिडवायचे. ट्रेव्ह, म्हणजे शेडचा म्होरक्या, ज्याच्या तोंडाला झाकण नाही, तो म्हणायचा, "क्लेम, लवकर कर लेका. आमच्यातला एखादा तरी बसून बघायला जिवंत असू दे." क्लेम मान हलवायचा. मग तो शेडमध्ये यायचाच बंद झाला. स्कोअरबोर्डवरही जाईना. जूनमध्ये त्याने हत्यारांची पेटी ट्रेव्हकडे देऊन टाकली. म्हणाला, "तुम्ही वापरा, मला आता नको."

ट्रेव्ह त्या दिवशी माझ्या दारात आला, टोपी हातात घेऊन. मी समजले, काहीतरी गंभीर आहे.

"नोला, आम्ही ठरवलंय, व्हाल्डासाठी तयार बाकडं मागवायचं. कारखान्यातलं. प्लॅस्टिकचं असतं ते, कुजत नाही."

"ट्रेव्हर," मी म्हणाले, "व्हाल्डाच्या नावाने प्लॅस्टिक आणलंस तर मी ते तुझ्या डोक्यात घालीन. कुजत नाही म्हणे! तू कुजशील."

"मग काय करायचं? तो करत नाहीये. आणि केरिन त्याला सप्टेंबरात ॲडलेडला घेऊन जातेय. तिचा फोन होता."

केरिनचा फोन मलाही होता. "नोला मावशी, बाबा तिथे एकटे काय करणार? फोनवर हो-नाहीच्या पुढे बोलत नाहीत. आता तर हत्यारंही देऊन टाकलीत." ती चुकीचं बोलत नव्हती. पण क्लेम ॲडलेडला गेला तर फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसून राहील आणि वर्षाच्या आत संपेल, हे मला दिसत होतं. आणि व्हाल्डाचं बाकडं न करता गेला तर लवकरच.

दुसऱ्या दिवशी मी पॅस्टी घेऊन त्याच्याकडे गेले. दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता, समोर गार झालेला चहा.

"खा," मी म्हणाले. "आणि मला सांग, बाकडं का होत नाहीये? आणि तब्येतीचं काही सांगू नकोस, तू बैलासारखा आहेस."

त्याने कप बाजूला सारला. मग त्याने बोटाने दाखवलं. टेबलाला चार खुर्च्या होत्या. तिन्हींच्या गाद्या बसून बसून चेपलेल्या, कापड विटलेलं. चौथी ओट्याजवळची, तिच्या गादीवरची छापील फुलं दुकानातून आणली तशी ताजी.

"ती तिची," क्लेम म्हणाला. "मी गावातल्या एकेकाला विचारलं, नोला. तुलाही विचारलं. आता स्वतःला विचारतो, तर उत्तरच नाही. मला ती उभी दिसते. सिंकपाशी, दारात, गाडीपाशी. बसलेली दिसतच नाही. इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि माझी बायको कशी बसायची ते मला माहीत नाही."

"अरे, बसायचीच नाही ती, त्याला तू काय करणार? तू म्हणायचास की तिला, बस म्हणून. माझ्यादेखत म्हणायचास."

"म्हणायचो," तो म्हणाला. "बसूनच म्हणायचो."

मी उठले, त्याचा गार चहा ओतून दिला, नवा केला. आणि किटलीसमोर पाठ करून उभी असताना माझ्या मनात ते एक घोळत होतं, जे फक्त मला माहीत होतं.

व्हाल्डा बसायची. एका जागी, एकाच वेळी, आणि मी कुणाला सांगणार नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. "सांगितलंस तर बघ," म्हणाली होती, "एक तेवढी जागा आहे मला, तिथेही कुणीतरी पॅस्टी मागत येईल." मी कधीच कुणाला बोलले नव्हते. हॅरल्डलासुद्धा नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं म्हणतात ना, त्यांनी हे ऐकावं.

पण ती गेली होती आणि हा समोर बसला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, व्हाल्डा, शिव्या दे मला, वर आले की दे.

"क्लेम," मी वळून म्हणाले, "ती बसायची. कॅन्टीनच्या मागे."

त्याने मान वर केली.

"मध्यंतराची गर्दी ओसरली, खेळ परत सुरू झाला, की ती मला म्हणायची, जरा खिडकी बघ. आणि मागच्या दाराने बाहेर. तिथे तो दुधाचा क्रेट आहे ना, निळा, दाराला अडण म्हणून लावतो तो? तो उपडा घालायची, भिंतीला पाठ टेकायची, बूट काढून ठेवायची. हात मांडीवर. शेवटची शिट्टी व्हायच्या आत परत आत. दर शनिवारी, क्लेम. पाऊस असला तरी, छत आहे ना तिथे."

"बूट काढून?"

"बूट काढून. पायाची बोटं हलवत."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि लगेच विझलं. "पण मागे तर पाण्याची टाकी आहे," तो म्हणाला. "दारासमोरच. बाजूला कचऱ्याचे डबे. तिथून काय दिसतं?"

"टाकी दिसते."

"म्हणजे मी पलीकडे तिची खुर्ची पुसून ठेवत होतो, आणि ती टाकीकडे बघत बसत होती."

मला वाटलं, जीभ चावून तुकडा पाडावा. सांगायला गेले एक आणि झालं भलतंच. त्याने पॅस्टीला हातही लावला नाही. मी घरी आले आणि हॅरल्डवर जाऊन बसले अंधार पडेपर्यंत, आणि व्हाल्डाची माफी मागितली, मोठ्याने. कुत्रा फिरवणारी बाई लांबून गेली.

पुढच्या आठवड्यात ट्रेव्हचा फोन. "नोला, आलाय तो! पेटी मागून घेतली. फळी कापतोय. काय सांगितलंस त्याला?"

"तुला कशाला हव्यात चांभारचौकशा?" मी म्हणाले आणि फोन ठेवून रडले.

बाकडं कुठे बसवायचं हे त्याने सांगितलं तेव्हा मात्र गावात बोंबाबोंब झाली. धक्क्याच्या तोंडाची सोन्यासारखी जागा सोडून कॅन्टीनमागे! डब्यांशेजारी! क्लबच्या सभेत ट्रेव्ह म्हणाला, "क्लेम, तिथे माश्या बसतात, माणसं नाही." केरिनने फोनवर मला झाडलं, "मावशी, माझ्या आईचं बाकडं कचऱ्यापाशी? लोक काय म्हणतील?" क्लेमचं सगळ्यांना एकच उत्तर. "ती जिथे बसायची, तिथे."

मग मी ते बाकडं बघायला शेडमध्ये गेले. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. दोनच माणसांपुरतं, पाठ सरळ भिंतीसारखी, कडा अशा गोल केलेल्या की हात फिरवत राहावा. पण उंची नेहमीची.

"हे उंच आहे," मी म्हणाले. "तिचा क्रेट एवढा होता." मी गुडघ्याच्या बराच खाली हात धरून दाखवला.

"माहीत आहे."

"मग? गावभर विचारत फिरतोस कसा बसायचा, कशी बसायची. मी तुला तिचा शब्द मोडून सांगितलं, आणि केलंस आपल्याच मनाचं!"

"आयुष्यभर खोक्यावर बसली ती," क्लेम म्हणाला. "आता तरी नीट बसू दे तिला."

मी नाक मुरडलं आणि बिस्किटांचा डबा रिकामा करून घरी आले.

ऑगस्टातल्या एका शनिवारी, घरच्या सामन्याच्या दिवशी, बाकडं बसवलं. केरिन आली होती, ओठ मिटून. मध्यंतरात गर्दी असतानाच आम्ही चहाचा बंब मागे नेला, चार शब्द झाले, ट्रेव्हने विनोद केला आणि कुणी हसलं नाही. खेळ परत सुरू झाला तशी माणसं पांगली. केरिन खिडकी सांभाळायला आत गेली. ट्रेव्ह पळत स्कोअरबोर्डकडे गेला, क्लेम नव्हता म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. मागे मी आणि क्लेम दोघंच. आम्ही बसलो, भिंतीला पाठ टेकून. समोर हातभर अंतरावर नाही, पण चार पावलांवर टाकी. लोखंडी पायांवर उभी, पोट सुटलेल्या माणसासारखी. तिच्यापलीकडे मैदान, नुसता आरडाओरडा ऐकू येत होता.

"हे," क्लेम म्हणाला.

"हे."

त्याचा चेहरा बघवेना. डब्यांचा वास येत होता. त्याने इतक्या जिवापाड केलेलं ते लाकूड, आणि समोर गंजका पत्रा. मी म्हणाले, "थकून बसायची रे ती. थकलेल्या बाईला काय, टाकी काय नि समुद्र काय."

तो उठला. दारापाशी तो निळा क्रेट होता, अडण लावलेला. क्लेमने तो पायाने सरकवून आणला, बाकड्याच्या शेजारी उपडा घातला आणि बसायला लागला. गुडघे कडकड वाजले. "अरे पडशील!" मी ओरडले. "तू आता उठणार कसा? क्रेन बोलावू का?" त्याने लक्ष दिलं नाही. वाकून बूट काढले. एक, मग दुसरा. पाठ भिंतीला टेकवली, हात मांडीवर ठेवले.

आणि गप्प झाला. इतका गप्प की मला भीती वाटली. डोळे समोर लागलेले, तोंड थोडं उघडं. मी म्हटलं, गेला हा, बायकोसारखाच गेला, आता केरिनला काय सांगू?

मग तो म्हणाला, "त्या गाढवाने सहाचा पत्रा उलटा टांगलाय."

"काय?"

"ट्रेव्हने. सहाचे नऊ झालेत."

मला वाटलं, डोकं फिरलं. टाकीकडे बघत बसलाय आणि स्कोअर सांगतोय. "नोला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, "इकडे ये. खाली वाक."

मी बाकड्यावरून उतरले, गुडघे टेकले, डोकं त्याच्या डोक्याशी आणलं. आणि दिसलं. टाकीच्या पोटाखालून, दोन लोखंडी पायांमधून, सगळं मैदान आरपार, आणि पलीकडच्या टोकाला तो पांढरा स्कोअरबोर्ड, चौकटीत बसवल्यासारखा. त्यावर ट्रेव्ह पाठमोरा, शिडीवर, पँट सावरत. बाकी काही नाही. फक्त तो बोर्ड आणि त्यावरचा माणूस. बाकड्यावरून टाकीचं पोट आड येत होतं, उभं राहिलं तर अख्खी टाकी आड येत होती. क्रेटवर बसलं तरच दिसत होतं. मी इतकी वर्षं त्या दारातून आत-बाहेर केलं आणि त्या क्रेटवर कधी बसले नव्हते. जागा तिची होती ना.

"मला बघत होती," क्लेम म्हणाला.

माझे गुडघे मोडले होते पण मी हललेही नाही.

"आणि आकडे," तो म्हणाला. "सगळे आकडे दिसतात इथून. शेवटपर्यंत. नोला, तिला माहीत असायचं. दर शनिवारी माहीत असायचं. आणि तरी विचारायची."

"कोण जिंकलं," मी म्हणाले.

"आणि मी सांगत बसायचो. सगळं. पहिल्यापासून." तो रडत होता आणि हसत होता, मोजे घातलेल्या पायांची बोटं हलवत. "आणि ती ऐकत उभी राहायची."

आतून केरिन ओरडली, पॅस्टी संपत आल्यात, कुणी मदतीला येणार आहे का नाही? मी म्हणाले, "तू ये बाहेर. पॅस्टी खड्ड्यात गेल्या." ती आली, चिडलेलीच, बापाला बूट काढून क्रेटवर रडताना बघून घाबरली. त्याने तिला काही सांगितलं नाही. आम्ही दोघींनी मिळून त्याला उठवलं, आणि त्याने तिचा हात धरून तिला क्रेटवर बसवलं. ती बसली. थोड्या वेळाने तिने तोंडावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी क्लेमने बाकड्याचे नट काढले, उलटं घातलं आणि क्रेट शेजारी ठेवून चारही पाय कापले. ट्रेव्ह म्हणाला, "एवढ्या खाली बसल्यावर आमच्यासारख्यांनी उठायचं कसं?" क्लेम म्हणाला, "तुझ्यासाठी नाहीच ते." केरिनने ॲडलेडचं नाव काढलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "बाबा, स्कोअरबोर्डला रंग द्यायला हवा. त्या बाजूने दिसतो की."

पट्टीवर काय लिहायचं ते क्लेमने ठरवलेलं होतं. "व्हाल्डा ट्रेलोर इथे बसायची." बस, एवढंच. बाहेरगावचे खेळाडू डब्यात बाटल्या टाकायला येतात आणि बघून हसतात, कचऱ्यापाशी कुणी बाकडं ठेवलंय म्हणून.

क्लेम आता परत स्कोअरबोर्डवर असतो. मध्यंतराची गर्दी ओसरली की मी खिडकी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारते आणि व्हाल्डावर जाऊन बसते. बूट काढते. तो आकडे बदलतो आणि बदलून झाले की क्षणभर टाकीकडे तोंड करून उभा राहतो. टाकीखाली सावली असते, त्याला काही दिसत नाही, हे त्यालाही माहीत आहे. शेवटच्या शिट्टीपर्यंत मी सगळं बघते. संध्याकाळी तो पातेली उचलायला येतो, तेव्हा मी सिंकपाशी पाठमोरी उभी असते.

"कोण जिंकलं?" मी विचारते.

आणि तो सांगायला लागतो, पहिल्यापासून.